अडगळीतल्या संगणकांचा घरचा सर्व्हर: बेळगाव-खानापूरच्या विजेत आणि पावसात टिकणारी जोडणी

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत आजोबांची खरेदीखते मराठीत आहेत, त्यांच्याही आधीचे काही कागद मोडीत आहेत, आणि १९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे उतारे हळूहळू कन्नडमध्ये होत गेले आहेत. एका घराचे कागद, तीन लिप्या-भाषांत. खानापूर तालुक्यातल्या पावसाळ्यात ट्रंकेला आतून ओल धरते. तीन वर्षांपूर्वी तळातला एक गठ्ठा उघडला तेव्हा पाने एकमेकांना चिकटून कागदाची वीट झाली होती. ती पाने गेली ती गेलीच. त्याच आठवड्यात मी उरलेले सगळे स्कॅन करायला घेतले आणि प्रश्न उभा राहिला, की हे ठेवायचे कुठे?

फोन भरलेला होता. महिन्याला पैसे भरून कुणाच्या तरी क्लाउडवर ठेवले, तर पैसे थांबले की जागाही जाणार. आणि इकडे बेळगावात जुन्या संगणकांचा ढीग पडत होता. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या मोफत सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पतसंस्था, शाळा, ऑफिसे यांनी धडधाकट यंत्रे बदलून टाकली. ती यंत्रे घरच्या सर्व्हरला, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली सांभाळणाऱ्या संगणकाला, उत्तम चालतात. पण कुठले यंत्र कुठल्या कामाला लावायचे, हे ठरवण्यात चूक झाली तर वीजबिल वाढते आणि भरवसा काही वाढत नाही. मी ती चूक करून बसलो होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

क्लस्टर जोडल्याने काय मिळते

क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडून एकत्र काम करणारी यंत्रे. बहुतेकांचा समज असा असतो, की चार जुने संगणक जोडले की एक वेगवान संगणक तयार होतो. तसे होत नाही. शेतात रोप लागवडीला दहा माणसे उतरली तर काम एका दिवसात उरकते, कारण प्रत्येकाची ओळ वेगळी असते. पण तव्यावरची एक भाकरी दहा जणींनी मिळून लवकर भाजत नाही. संगणकाच्या कामांचेही असेच दोन प्रकार आहेत. तीन हजार पाने वाचून त्यातला मजकूर काढणे, हे रोप लागवडीसारखे काम. एक व्हिडिओ पाहणे किंवा एक फाइल उघडणे, ही भाकरी.

१९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ‘बेओवुल्फ’ नावाचा क्लस्टर जोडला. इंटेलच्या ४८६ जातीचे १६ प्रोसेसर, साध्या इथरनेटने एकमेकांना बांधलेले. बाजारात मिळणाऱ्या सामान्य यंत्रांतून मोठी गणिते सोडवता येतात, हे त्यातून दिसले. पण ती गणितेही तुकडे पाडता येतील अशीच होती.

घरात क्लस्टरचा दुसरा आणि माझ्या मते जास्त मोठा उपयोग आहे. एक यंत्र बंद पडले तर दुसरे तेच काम उचलते. जुन्या यंत्रांवर भरवसा ठेवायचा तर ही सोय हवीच. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: कायम चालू राहून एकमेकांना सांभाळणारी दोन कमी खाणारी यंत्रे, आणि कामापुरती जागी होऊन पुन्हा झोपणारी मोठी यंत्रे.

सगळ्यात आधी वॅट मोजा

सुरुवातीला मी हाती आलेले तिन्ही टॉवर चोवीस तास चालू ठेवले. वडिलांनी बिल पाहिले आणि विचारले, “काय करालास रे हे? एवढी लाइट कशाला लागतंय?” त्यांचा प्रश्न रास्त होता.

हिशेब सोपा आहे. कायम चालणाऱ्या वस्तूचे वॅट गुणिले ०.७२ म्हणजे महिन्याचे युनिट. पन्नास वॅटचा टॉवर महिन्याला ३६ युनिट खातो, तीन टॉवर १०८. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वीज महिन्याला २०० युनिटपर्यंत मोफत आहे, पण ती सरसकट दोनशे नव्हे. प्रत्येक घराची मर्यादा २०२२-२३ मधल्या त्याच्या सरासरी वापरावर थोडी भर घालून ठरलेली आहे. त्या मर्यादेच्या वर गेलात तर वरच्या युनिटचे पैसे द्यावे लागतात आणि दोनशेच्या वर गेलात तर पूर्ण बिल. ज्या घराचा वापर साठ-सत्तर युनिट आहे, त्याला तीन टॉवर परवडणारच नाहीत. आपली मर्यादा आणि सध्याचा वापर यात किती अंतर आहे ते पाहा, मग सर्व्हरला किती वॅट द्यायचे ते ठरवा.

प्लगमध्ये बसवायचा वॅट मीटर विकत घ्या. इलेक्ट्रिकल दुकानात नसला तर ऑनलाइन मिळतो. पाटीवरचे आकडे पाहू नका. ३०० वॅटचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) याचा अर्थ तो तीनशे खातो असा नाही, तो तेवढे देऊ शकतो. माझ्याकडचा कोअर टू ड्युओचा टॉवर नुसता बसलेला ६२ वॅट खात होता. ऑफिसातून निघालेले चौथ्या पिढीच्या आय-३ चे स्लिम डेस्कटॉप, आत एसएसडी आणि एक हार्ड डिस्क धरून, २२ आणि २४ वॅट. म्हणजे एका टॉवरपेक्षा दोन स्लिम यंत्रे कमी खातात. असे दोन डेस्कटॉप मला ९,००० रुपयांना मिळाले. टॉवर फुकट मिळाले होते, पण कायम चालवले असते तर दोन वर्षांत तेच महाग पडले असते.

यंत्र घेताना, खोलताना

प्रोसेसर ६४ बिटचा हवा आणि त्यात व्हर्च्युअलायझेशनची (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवण्याची) सोय हवी. मेमरी प्रत्येकी ८ जीबी तरी असावी. डीडीआर-३ च्या जुन्या पट्ट्या स्वस्त मिळतात. शक्य झाले तर दोन्ही यंत्रे एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची घ्या, म्हणजे एकाचा पंखा गेला तर तिसऱ्या भंगार यंत्राचा बसतो.

विकत घेण्याआधी झाकण काढून मदरबोर्डवरचे कपॅसिटर पाहा. डोके फुगलेले किंवा तपकिरी रस गळलेला दिसला तर ते यंत्र घेऊ नका, फुकट दिले तरी. हार्ड डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहणे सर्वांत महत्त्वाचे. विंडोज असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्स असेल तर स्मार्टमॉनटूल्स. तिथे दोन ओळी शोधा: ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’. दोन्ही शून्य हवेत. पेंडिंगचा आकडा शून्याहून मोठा असेल तर त्या डिस्कवर घरचे फोटो ठेवू नका. ‘पॉवर ऑन अवर्स’ला ८,७६० ने भागले की डिस्क किती वर्षे सलग फिरली ते कळते.

घरी आणल्यावर यंत्र पूर्ण खोलून साफ करा. आमच्याकडची लाल माती पंख्याच्या पात्यांवर लेप देते. ब्लोअरने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल न तपासता बदलून टाका. तो मेलेला असला की लाइट जाऊन आल्यावर यंत्र तारीख विसरते आणि कुठल्यातरी कळीची वाट पाहत थांबते. मग मेमरी तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा. सकाळी एकही लाल ओळ दिसली तर पट्टी बदला. खराब मेमरी फाइली गुपचूप बिघडवत जाते आणि ते कळेपर्यंत बॅकअपमध्येही बिघडलेल्या प्रती गेलेल्या असतात.

बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) चार गोष्टी करा. व्हर्च्युअलायझेशन चालू. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, ही सोय चालू. कीबोर्ड नसला तरी अडून बसू नये, अशी नोंद. आणि वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून बंद यंत्र उठवण्याची सोय, चालू.

लाइट, वळीव आणि पाली

आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळवात विजा पडतात आणि जूनपासून झाडे तारांवर पडतात. त्यामुळे यूपीएसशिवाय हा खटाटोप करूच नका. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात अर्धी धरा. साठ वॅटच्या भाराला तेवढी व्यवस्थित बंद व्हायला पुरेशी आहे, तासभर चालायला नाही. ती बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. लाइट जाताच यंत्रे पटकन मरू लागली की आधी तीच बदला.

महाग यूपीएसला यूएसबीचे भोक असते आणि ‘नट’ नावाच्या सॉफ्टवेअरने यंत्राला लाइट गेल्याचे कळते. स्वस्त यूपीएसला ते नसते. त्यावर उपाय म्हणजे एक जुना राउटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीच्या प्लगवर लावायचा आणि वायरने स्विचला जोडायचा. दोन्ही यंत्रांवर एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला त्या राउटरला पिंग करते, म्हणजे ‘आहेस का’ असे विचारते. सलग चार वेळा उत्तर आले नाही, की लाइट गेली असे समजून यंत्र व्यवस्थित बंद होते. मी हे दोन पावसाळे वापरतो आहे. हा राउटर फक्त याच कामाला ठेवा, आणि कुणी चुकून काढू नये म्हणून प्लगवर कागद चिकटवा.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडे पडते, खड्ड्यात पाणी घालावे लागते. कडकडाट सुरू झाला की इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढून ठेवा, कारण वीज तिच्यातूनही घरात येते. फायबरच्या काचेच्या धाग्याला ते भय नाही.

पाल एसएमपीएसच्या उबेला येते आणि शॉर्ट करून स्वतःही मरते. सगळ्या उघड्या भोकांवर नायलॉनची मच्छरजाळी आतून चिकटवा आणि महिन्याला ब्रशने झाडा. यंत्रे जमिनीवर ठेवू नका. मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडून अँगलची छोटी मांडणी करून घेतली, खाली फूटभर मोकळी, भिंतीपासून चार बोटे लांब. पावसाळ्यात चालू यंत्राला ओल लागत नाही, बंद पडून राहिलेल्याला लागते. म्हणून झोपवलेले टॉवरही जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तासभर चालवा.

जाळे

पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या, शंभर मेगाबिटचा नको. फरक असा: चारशे जीबीची पहिली प्रत गिगाबिटवर तासाभरात जाते, शंभर मेगाबिटवर दहा तास लागतात. वायर कॅट ५-ई किंवा कॅट ६. सर्व्हर वायफायवर ठेवू नका, क्लस्टरमधली यंत्रे एकमेकांशी सतत बोलत असतात आणि वायफायचे अडखळणे त्यांना सहन होत नाही. प्रत्येक यंत्राला कायमचा पत्ता द्या. माझ्याकडे १९२.१६८.१.११ पासून पुढे आहेत, आणि राउटरला सांगून ठेवले आहे की हे पत्ते दुसऱ्या कुणाला वाटू नकोस.

नावेही आताच ठरवा, कारण क्लस्टर झाल्यावर नाव किंवा पत्ता बदलणे फार किचकट आहे. आमच्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि भीमगडच्या जंगलात म्हादई. माझ्या दोन यंत्रांची तीच नावे आहेत. नाव टाइप करताना मात्र रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच चालते.

प्रॉक्समॉक्स बसवणे

दोन्ही कायम यंत्रांवर मी प्रॉक्समॉक्स व्हीई ही प्रणाली वापरतो. ती एका संगणकात अनेक आभासी यंत्रे चालवते आणि संगणक क्लस्टरमध्ये बांधते. ते डेबियनवर उभे आहे, फुकट आहे आणि जवळजवळ सगळे काम ब्राउझरमधून होते. त्यांच्या साइटवरून आयएसओ उतरवा, बलेनाएचरने पेनड्राइव्हवर चढवा आणि त्यावरून यंत्र सुरू करा. प्रणाली एसएसडीवर घाला. पेनड्राइव्हवर कायमची बसवू नका. क्लस्टर सारख्या बारीक नोंदी लिहीत असतो, पेनड्राइव्ह काही महिन्यांत मरतो.

डिस्क निवडताना ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन झेडएफएस ही फाइलप्रणाली निवडा, एकच एसएसडी असेल तर रेड-० या प्रकाराने. झेडएफएस नसेल तर पुढची प्रतिकृतीची (एका यंत्रावरचा डेटा आपोआप दुसऱ्यावर उतरवण्याची) सोय मिळणार नाही. झेडएफएस मेमरी खाते हे खरे, पण नव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर स्वतःच त्याला एकूण मेमरीच्या दहाव्या हिश्श्याची मर्यादा घालतो. वेळक्षेत्र कोलकाता, पत्ता आणि नाव वर ठरवलेले. झाले की दुसऱ्या संगणकावरून ब्राउझरमध्ये त्या पत्त्याच्या ८००६ क्रमांकाच्या पोर्टवर जा. सुरक्षिततेचा इशारा येईल, तो यंत्राने स्वतःच केलेल्या प्रमाणपत्रामुळे असतो, पुढे जा.

आता ‘अपडेट्स’खालच्या ‘रिपॉझिटरीज’मध्ये एंटरप्राइझच्या ओळी बंद करा आणि ‘नो-सबस्क्रिप्शन’ची ओळ घाला. हे केले नाही तर अपडेट लाल अक्षरांत अडते आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. दोन्ही यंत्रे अद्ययावत करून घ्या.

मलप्रभेवर ‘डेटासेंटर’, त्यात ‘क्लस्टर’, त्यात ‘क्रिएट क्लस्टर’. नाव द्या. मग ‘जॉइन इन्फर्मेशन’ उघडून मजकूर कॉपी करा. म्हादईवर त्याच ठिकाणी ‘जॉइन क्लस्टर’ दाबून तो चिकटवा आणि मलप्रभेचा रूट (मुख्य खात्याचा) पासवर्ड द्या. जोडणाऱ्या यंत्रावर आधीचे एकही कंटेनर (एका कामापुरती यंत्रातली वेगळी बंद खोली) किंवा व्हर्च्युअल यंत्र असता कामा नये, नाहीतर ते नकार देते. जोडताना म्हादईचे पान गोठल्यासारखे दिसते. प्रमाणपत्र बदलल्यामुळे तसे होते. मिनिटभराने पान ताजे करा, डावीकडे दोन्ही नद्या दिसतील.

तिसरे मत

इथे बहुतेक जण अडकतात, म्हणून जरा थांबतो. क्लस्टर बहुमताने चालतो. दोन यंत्रांपैकी एक बंद पडले तर उरलेल्याकडे दोनपैकी एकच मत उरते, बहुमत होत नाही. मग ते चालू असलेले काम चालू ठेवते, पण नवे काही सुरू करत नाही. आणि हाय अव्हेलेबिलिटी (एचए, म्हणजे बंद पडलेल्या यंत्राचे काम दुसऱ्याने आपोआप उचलण्याची सोय) चालू केलेली असेल, तर बहुमत गेलेले यंत्र स्वतःला रीस्टार्ट करते. पहिल्या पावसाळ्यात वीज वाचवायला मी रात्री एक यंत्र बंद करत होतो, आणि दुसरे स्वतःला रीस्टार्ट करून मग रात्रभर काहीच सुरू न करता बसत होते. तीन दिवस मला कारणच कळले नाही.

तिसऱ्या मताला तिसरा मोठा संगणक लागत नाही. जुने नेटबुक पुरते, कीबोर्ड मोडका असला तरी, ३२ बिटचे असले तरी. माझे आठ वॅट खाते आणि त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस आहे. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र काढून टाका. ३२ बिटच्या यंत्रासाठी डेबियन १२ घ्या, कारण १३ पासून त्यांचा ३२ बिटचा इन्स्टॉलर येत नाही. झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सेटिंग करा आणि ‘कोरोसिंक-क्यूनेटडी’ हे पॅकेज घाला. दोन्ही प्रॉक्समॉक्स यंत्रांवर ‘कोरोसिंक-क्यूडिव्हाइस’ घाला. मग मलप्रभेच्या शेलमध्ये ‘पीव्हीईसीएम’ या आज्ञेला ‘क्यूडिव्हाइस’, ‘सेटअप’ आणि नेटबुकचा पत्ता, हे शब्द याच क्रमाने द्या. त्या वेळेपुरते नेटबुकवर रूटला पासवर्डने एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून आत येणे) करू द्यावे लागते. झाले की ते दार बंद करा. ‘पीव्हीईसीएम स्टेटस’ने तीन मते आणि बहुमताला दोन, असे दाखवले की जमले. टॉवर या क्लस्टरमध्ये घ्यायचेच नाहीत. झोपणाऱ्या यंत्राला मत दिले की रोज बहुमताची चिंता.

डेटा आणि त्याची प्रतिकृती

दोन्ही यंत्रांतल्या मोठ्या हार्ड डिस्कवर एकाच नावाचा झेडएफएस पूल करा. पहिल्यावर करताना ‘ॲड स्टोरेज’ची खूण ठेवा, दुसऱ्यावर काढा, आणि मग ‘डेटासेंटर’मधल्या ‘स्टोरेज’मध्ये जाऊन त्याच स्टोरेजला दोन्ही यंत्रे जोडा. नाव एका अक्षराने वेगळे असले तरी प्रतिकृती होत नाही.

आता डेबियनच्या टेम्प्लेटवरून एक कंटेनर करा, दोन कोअर, दोन जीबी मेमरी. घरच्या फाइली त्याच कंटेनरच्या जोडडिस्कवर ठेवा. यंत्रावरचा एखादा फोल्डर थेट आत बांधण्याचा मोह होतो, पण तसा बांधलेला फोल्डर प्रतिकृतीत येत नाही. कंटेनरमध्ये सांबा घातले की घरातल्या विंडोजला तो साधा नेटवर्क फोल्डर दिसतो. फोनचे फोटो आपोआप यायला नेक्स्टक्लाउड किंवा सिंकथिंग. मला सिंकथिंग आवडते, कमी मेमरीत चालते आणि समजायला सोपे आहे. मुले असतील तर किविक्सही घाला. त्यावर मराठी विकिपीडिया पूर्ण उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेट नसते, तेव्हा हाच कोपरा घरात सर्वांत जास्त वापरला जातो.

कंटेनरच्या ‘रिप्लिकेशन’मध्ये दुसरे यंत्र निवडा. वेळ आपोआप पंधरा मिनिटांची येते, ती घराला पुरते. मग ‘डेटासेंटर’च्या ‘एचए’मध्ये तो कंटेनर घाला. मलप्रभा अचानक मेली तर साधारण दोन मिनिटांत म्हादई तोच कंटेनर सुरू करते. हरवलेच तर शेवटच्या पंधरा मिनिटांतले हरवते.

फाइलींच्या नावांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. लिनक्समध्ये फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंत चालते, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा, काना, हलंत तीन-तीन बाइट घेतो. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हे. विंडोजवर मी फाइलींना ‘गट नंबर अमुक, आजोबांनी अमुककडून घेतलेल्या जमिनीचे खरेदीखत, पान दुसरे’ अशी पूर्ण वाक्ये नावे म्हणून दिली होती. तिथे चालली, इथे कॉपी अडली. आता नाव थोडक्यात देतो: साल, गाव, प्रकार, पान. सालाचे आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेवा, मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळले की क्रम विस्कटतो.

टॉवरचे काम: तीन हजार पानांची रोप लागवड

स्कॅन केलेले पान म्हणजे चित्र. त्यात ‘खानापूर’ शोधता येत नाही. टेसरॅक्ट नावाचे मोफत सॉफ्टवेअर चित्रातला मजकूर वाचते, आणि त्याला मराठी व कन्नड दोन्ही भाषांची वेगळी पॅकेजे आहेत. आमच्या भागातल्या कागदांना दोन्ही लागतात. एकाच पानावर वर कन्नड शिक्का आणि खाली मराठी टंकलेखन असते, तेव्हा दोन्ही भाषा एकत्र सांगता येतात. स्कॅन ३०० डीपीआयने करा. त्याखाली मराठीतले रफार आणि अनुस्वार गळतात. हाताने लिहिलेले आणि मोडी त्याला वाचता येत नाही. त्या पानांना मी हाताने चार ओळींची माहिती लिहून ठेवतो.

पानाला बारा सेकंद धरले तर तीन हजार पानांना एका कोअरवर दहा तास लागतात. दोन टॉवर आणि दोन कायम यंत्रे मिळून आठ कोअरवर वाटली तर सव्वा तास. प्रत्येक पान स्वतंत्र असल्यामुळे ही वाटणी खरोखर लागू पडते. टॉवरवर डेबियन आणि टेसरॅक्ट घाला, स्कॅनचा फोल्डर एनएफएसने (लिनक्सच्या नेटवर्क फोल्डरच्या सोयीने) सगळ्यांना दाखवा, आणि मुख्य यंत्राची एसएसएच किल्ली टॉवरवर ठेवा म्हणजे पासवर्ड लागणार नाही. जीएनयू पॅरलल हे वाटपाचे काम करते. त्याला यंत्रांची यादी एका साध्या फाइलमध्ये द्यायची: एका ओळीत एक यंत्र, आणि नावाआधी त्यावर एका वेळी किती पाने चालवायची तो आकडा व तिरकी रेघ. दोन कोअरच्या टॉवरला २.

ओएमपी थ्रेड लिमिट नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. टेसरॅक्ट एका पानालाही अनेक धागे (एकाच वेळी चालणारे कामाचे तुकडे) वापरू पाहते. एका वेळी अनेक पाने चालू असली की ते धागे एकमेकांचा वेळ खातात. प्रत्येक पानाला एकच धागा दिला की एकूण काम लवकर संपते.

टॉवर उठवायला ‘वेकऑनलॅन’ या आज्ञेला त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) द्यायचा. लाइट जाऊन आल्यानंतर काही जुने बोर्ड, बटण दाबून एकदा पूर्ण सुरू केल्याशिवाय या हाकेला ओ देत नाहीत, हे लक्षात असू द्या. स्क्रिप्टच्या शेवटी टॉवर बंद करण्याची आज्ञा ठेवा. दोन टॉवर ऐंशी-ऐंशी वॅटने सव्वा तास चालले तरी युनिटचा पाचवा हिस्सा लागतो. हेच टॉवर महिनाभर बसून खात होते तेव्हा वडील चिडले होते.

बाहेरून पोहोचणे

इकडच्या बऱ्याच फायबर आणि मोबाइल जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग नसतो. आणि पोर्ट उघडता आले तरी उघडू नका. टेलस्केल, म्हणजे आपल्याच यंत्रांना खासगी जाळ्यात बांधणारे सॉफ्टवेअर, कंटेनरमध्ये आणि घरच्या फोनवर घाला. पुण्यात असलेल्या माझ्या बहिणीला आता सातबाऱ्याच्या जोडीचा जुना उतारा पाहायला मला फोन करावा लागत नाही.

वायर काढून पाहा

सगळे बसले की एका रविवारी सकाळी मलप्रभेची नेटवर्क वायर काढा. घड्याळ लावा. दोन मिनिटांनी फोनवर फोटो उघडतात का पाहा. मग ती परत लावा आणि प्रतिकृती पुन्हा सुरू झाली का पाहा. मग म्हादईची. मग नेटबुकची. शेवटी मेन स्विच बंद करून यूपीएसवर सगळे व्यवस्थित बंद होते का, आणि लाइट आल्यावर कुणीही बटण न दाबता उठते का, ते पाहा. हे मेमध्ये करा, पाऊस सुरू होण्याआधी. आणि घरातल्या आणखी एका माणसाला करायला लावा, तुम्ही शेजारी गप्प बसून. माझ्या आईला कुठली वायर कशाची हे कळत नव्हते, म्हणून आता वायरींना रंगीत दोरे बांधले आहेत आणि मांडणीवर मराठीत एक पान चिकटवले आहे.

गावाबाहेरची प्रत

दोन यंत्रांवर प्रत असणे म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर पुसला तर पंधरा मिनिटांत तो दोन्हीकडून पुसला जातो. म्हणून प्रॉक्समॉक्सच्या ‘बॅकअप’मधून आठवड्याला एकदा तिसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या, निदान चार आठवड्यांच्या ठेवा, आणि त्यातली एक डिस्क घराबाहेर असू द्या. आमच्या दोन डिस्क आहेत. एक इथे, एक बहिणीकडे पुण्यात. गणपतीला ती गावी येते तेव्हा तिची डिस्क घेऊन येते आणि जाताना इथली ताजी घेऊन जाते. दिवाळीला पुन्हा तसेच. आलेली डिस्क लावल्यावर मी आधी तीतले एक खरेदीखत उघडतो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता येते का ते पाहतो, आणि मगच तिच्यावर नवी प्रत घालतो.